अण्णांची मिरचीची रोपं

लव्हालमधला मार्च महिना मोठा फसवा. खिडकीतून लख्ख ऊन दिसतं म्हणून दार उघडावं, तर अंगणात अजून बर्फाचा ढीग! पण मे अखेरीस अंगणात मिरची लावायची, तर बी मार्चमध्येच घरात पेरावं लागतं. आमच्याकडे हा उद्योग तळघरात चालतो.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि माझे सासरे, अण्णा, संगमेश्वरहून आमच्याकडे आले. जन्मभर भातशेती केलेला माणूस. इथे बाहेर थंडी, शेजारीपाजारी फ्रेंच आणि हाताला काम नाही. दिवसभर सोफ्यावर गप्प बसून राहायचे. शेवटी मी पेरलेले मिरचीचे ट्रे त्यांच्या स्वाधीन केले. "अण्णा, एवढं तुम्ही बघा हं!"

अण्णा रमले. दिवसातून तीनदा तळघरात जाऊन पाणी घालू लागले. रोपं उगवली तेव्हा मुलांना हाताला धरून दाखवायला नेलं. आणि चौथ्या दिवशी पाहतो तो काय, दहा-बारा रोपं आडवी! दुसऱ्या दिवशी निम्मा ट्रे झोपला. अण्णा एवढंच म्हणाले, "माझ्या हाताला आता यश नाही गं." ते ऐकून माझ्या पोटात कालवलं.

मी रोपं नीट पाहिली. उजेड कमी पडला तर रोप फिकट, लांबुडकं होतं. तहानलेलं रोप मान टाकतं, पण पाणी दिलं की उठतं. इथे पानं हिरवी होती, पण खोड मातीलगत तपकिरी, पाणचट आणि दोऱ्यासारखं बारीक झालं होतं. आपल्याकडे याला 'रोप कोलमडणे' म्हणतात. इथल्या फ्रेंचमध्ये 'फाँत दे सेमी', म्हणजे रोपांचं वितळणं. अगदी चपखल नाव!

पिथियम, रायझोक्टोनिया असे मातीतले सूक्ष्मजीव हे करतात. ओली, गार माती आणि कोंदट हवा त्यांना फार मानवते. कोलमडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. त्यावर औषध नाही, खबरदारी हाच इलाज.

मी अण्णांना खरं ते सांगितलं. ट्रे गेल्या वर्षीचे, न धुतलेले. त्यात मी अंगणातली माती मिसळलेली, बी दाट पेरलेलं आणि उगवल्यावरही प्लास्टिकचं झाकण तसंच ठेवलेलं. चार चुका माझ्या, एक तुमची, ती पाण्याची. भाताला पाणी सोसतं, मिरचीच्या पोरांना नाही.

अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, मग आम्ही राब भाजायचो तो काय उगाच?" आणि कितीतरी महिन्यांनी भरभरून बोलू लागले. पावसाळ्याआधी भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, कवळ, पालापाचोळा पसरून भाजतात. त्या आचेने वरच्या मातीतलं तणाचं बी जळतं, आणि पुष्कळसे रोगजंतूही मरतात. "तुझ्या तळघरात राब कसा भाजायचा, तेवढं सांग!"

भाजायचं नव्हतं, धुवायचं होतं. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून ट्रे त्यात दहा मिनिटं बुडवले आणि स्वच्छ धुतले. जुनी माती टाकून पेरणीसाठी मिळणारं नवं निर्जंतुक मिश्रण आणलं. बी विरळ पेरलं. ट्रे उबेला ठेवले, कारण गार मातीत मिरची रेंगाळते आणि रोगाला सवड मिळते. कोंब दिसताच झाकण काढलं. पाणी खालच्या ताटलीतून, तेही वरची माती सुकल्यावर, आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून द्यायचं. वर दिवा चौदा तास, शेजारी छोटा पंखा मंद. खरी पानं फुटून खोड जरा टणक झालं की धोका बराच कमी होतो.

अण्णा आता पाणी घालण्याआधी बोट मातीवर टेकवून पाहत. बोट कोरडं आलं तरच पाणी. त्या खेपेला तीनच रोपं गेली. मे अखेरीस अण्णांनी स्वतः ती अंगणात लावली आणि सप्टेंबरात घरच्या मिरचीचा ठेचा झाला.

यंदा फेब्रुवारीतच जिन्यावरून हाक आली, "सूनबाई, ट्रे धुतलेस का?"