कच्च्या लिंबाला तीन सोंगट्या

क्रमांक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे निकालाची यादी येते. कोण वर, कोण खाली, एवढंच ती सांगते. कॉलेजात शिकवताना अशा कितीतरी याद्या मी फलकावर लावल्या. म्हणूनच ‘गो’ या खेळातली क्रमवारी समजली, तेव्हा मला तिचं नवल वाटलं.

गो मूळचा चीनचा. पुढे जपान-कोरियात रुजला. १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघांचा पट, रेघा छेदतात त्या ३६१ जागांवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवायच्या आणि जास्तीत जास्त जागा वेढायची. नवशिका साधारण ३० ‘क्यू’पासून सुरुवात करतो. खेळ सुधारेल तसा आकडा उतरतो : २०, १०, ५, १. त्यापुढे ‘दान’ लागतात आणि आकडा चढू लागतो. व्यावसायिकांचे दान वेगळे, १ ते ९. आपल्या सारीपाटातल्या दानाशी याचा संबंध नाही. ही पद्धत सतराव्या शतकातले खेळाडू होनिन्बो दोसाकू यांच्या नावावर सांगतात. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये ती आपल्या शिष्यांसाठी उचलली. कराटेच्या काळ्या पट्ट्याचे दान त्याच वाटेने आले.

खरी गंमत पुढेच आहे. हौशी खेळाडूंमध्ये जितक्या पायऱ्यांचा फरक, तितक्या सोंगट्या खालच्याला आधीच पटावर मिळतात. ८ क्यूवाला ५ क्यूवाल्यासमोर बसला, तर त्याला ३ सोंगट्या. रूढी ९ पर्यंतची. बुद्धिबळाचं एलो मानांकन कोण जिंकण्याची शक्यता किती ते सांगतं, पण मोहरे दोघांना सारखेच. इथे मात्र क्रमांकाचा उपयोग डाव बरोबरीचा करण्यासाठी होतो.

आमच्या घरी याचा प्रत्यय आला. भाचा कन्नड शाळेत नववीत, माझी मुलगी मराठी शाळेत चौथीत. बुद्धिबळात ती रोज हरायची. आजी भाच्याला म्हणायची, ‘‘अरे, लहान आहे, हर की एकदा!’’ तो हरला की मुलगी पट उधळायची. ‘‘अण्णा, तू मुद्दाम हरलास!’’ कच्चं लिंबू ठरवलेलं मुलांना बरोबर कळतं.

मग पुठ्ठ्यावर ९ रेघांचा छोटा पट आखला आणि तिला ३ सोंगट्या दिल्या. आता भाच्याला हातचं राखून खेळायची गरज उरली नाही. डोकं खाजवत बसावं लागलं. पहिला डाव ती हरलीच, पण रडली नाही. लगेच म्हणाली, ‘‘अण्णा, आणखी एक!’’

पुढच्या दोन महिन्यांत ती सारखी जिंकू लागली. एका रविवारी भाच्याने तिच्या ३ सोंगट्यांतली एक उचलली आणि म्हणाला, ‘‘आता दोनच.’’ त्या दिवशी ती घरभर सांगत सुटली, ‘‘अण्णाने माझी एक सोंगटी काढून घेतली!’’