बाराच्या गाडीची वाट

रात्रीचे साडेअकरा झालेत. आत्ताच 'हाय नून' पुन्हा पाहून संपवला, आता लवकर झोप लागायची नाही. १९५२चा कृष्णधवल चित्रपट, जेमतेम दीड तासाचा. दुपारी बाराच्या गाडीने फ्रँक मिलर सूड घ्यायला येणार आणि मार्शल विल केन मदतीसाठी दारोदार फिरतोय. चर्चमध्ये त्याचं कौतुक होतं, सोबत मात्र कुणी येत नाही. गॅरी कूपरच्या चेहऱ्यावरची ती भीती मला फार मोलाची वाटते. घाबरलेला असूनही तो गाव सोडत नाही! दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सना मात्र हा मार्शल मुळीच पटला नव्हता. मदतीची याचना करणारा मार्शल कसला, म्हणून त्यांनी १९५९मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला. तोही मला आवडतो, पण मन केनकडेच ओढ घेतं. 'गनस्मोक' मालिका तर १९५५ ते १९७५, वीस वर्षं चालली. त्यातल्या मार्शल मॅट डिलनचं डॉज सिटी मला ओळखीचं गाव वाटतं. या वेस्टर्न कथांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर केलेला अन्याय मला बोचतो, जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' पाहताना तर फारच. पण संकट टळल्यावर धावत आलेल्या गावकऱ्यांसमोर केन बिल्ला धुळीत टाकतो आणि एक शब्दही न बोलता निघून जातो. माझ्या लेखी याहून श्रेष्ठ वेस्टर्न झाला नाही.