मूठ, दस्ता आणि म्यान

सुरीचा जो भाग हातात धरायचा त्याला आमच्या घरात दस्ता म्हणतात. कळमनुरीच्या बाजारात तीच मूठ. दस्ता फारसीतल्या ‘दस्त’वरून, म्हणजे हात. मूठ संस्कृतातल्या मुष्टीवरून. दोन्ही भाषांनी नाव ठेवताना लोखंडाकडे न बघता हाताकडे बघितलं. म्यान मात्र दोन्हीकडे म्यानच. गंमत म्हणजे शब्द दोन्हीकडे आहे आणि वस्तू कुणाकडेच नाही. विळा, विळी, कोयता, खुरपं, खाटकाची सुरी, आमच्या भागात रोजच्या वापरातल्या एकाही पात्याला म्यान नसतं. विळा छपराच्या वाशात खोचतात, खुरपं पाटीत टाकतात, सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. म्यान तलवारीला, आणि तलवार म्युझियममध्ये नाहीतर नाटकात.

आमच्या अब्बांची कुर्बानीची सुरी अशीच कागदात राहायची. ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादातून घडवलेली, साडेसात इंचांचं पातं, रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडून करून घेतलेली. मुठीला दोन बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या आणि तांब्याची तीन रिबिटं. बकरी ईदला ती तीन घरं फिरते. आधी आमच्याकडे, मग चाचांकडे, मग दुसऱ्या गावी फुफीकडे. काही वर्षांपूर्वी ती घेऊन फुफीकडे जाताना एका गावाच्या वेशीवर नाकाबंदी होती. पिशवी उघडली, कागदाची गुंडाळी निघाली, गुंडाळीतून सुरी निघाली. पुढचा पाऊण तास मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. पण गुंडाळी उलगडताना त्या शिपायाचा चेहरा ज्या तऱ्हेने बदलला, तो मला अजून दिसतो.

कायदा मी नंतर वाचला. शस्त्र नियमांमध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेगळे बंदीहुकूमही निघतात. पण नाक्यावर कुणी टेप घेऊन पातं मोजत नाही. तिथे बघितलं जातं की वस्तू कशी ठेवली आहे आणि कुणी ठेवली आहे. दुसरी गोष्ट माझ्या हातात नव्हती. पहिली होती.

मराठीत पटाशीही हत्यार आणि तलवारही हत्यार. सुतार ‘हत्यारं घेऊन येतो’ म्हणाला तर कुणी दचकत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या पोराने तेच वाक्य फोनवर बोलून बघावं! कागदात गुंडाळलेली सुरी लपवलेली वाटते. कामाची वस्तू कामाच्या वस्तूसारखी दिसावी, तिला तिचं घर असावं, असं माझ्या डोक्यात बसलं. अम्मीला हे अजिबात पटलं नाही. ‘‘उसकू म्यान कायकू? लोगां तलवार समझेंगे.’’ तिचंही खोटं नव्हतं. म्यान शिवलं की सुरी जास्त भीतीदायक दिसणार की कमी, हा प्रश्न मी कित्येक दिवस घोळवत होतो.

त्यात एक जुनी गोष्ट आठवली, मदरशात शिकवलेली. जनावर कापायचं तर सुरीला नीट धार लावा, त्याला कमीत कमी त्रास होऊ द्या, अशी पैगंबरांची (स.) शिकवण सगळ्यांना पाठ असते. जनावराच्या डोळ्यांसमोर धार लावू नये, हेही माहीत असतं. उघडी तलवार एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देऊ नये, अशीही हदीस आहे, ती मात्र कमी जणांच्या लक्षात राहते. म्हणजे पातं झाकणं हा जनावराशी वागण्याचा अदब आहे आणि माणसाशी वागण्याचाही. आमच्या अंगणात दरवर्षी बकऱ्याच्या समोरच कागद टराटरा फाडून सुरी काढली जायची. धार लावायला मात्र मागच्या मोरीत जायचो. अर्धाच अदब.

नमुना मिळाला तो पार उत्तर युरोपातला. फिनलंडमध्ये ‘पूक्को’ नावाची सुरी असते, स्वीडन-नॉर्वेतही तिच्या बहिणी आहेत. कमरेच्या पट्ट्याला लोंबणारी, लाकूड तासायला, मासा साफ करायला, भाकरी कापायला. तिचं म्यान चामड्याचं, शिवण मागच्या बाजूला, आणि सुरी त्यात पात्यापुरती न जाता अर्ध्या मुठीपर्यंत आत जाते. बटण नाही, पट्टा नाही, ओलं करून आकार दिलेलं चामडंच मुठीला धरून ठेवतं. तलवारीच्या म्यानाशी त्याचं काही साम्य नाही. बर्फाच्या मुलखातलं शेतकऱ्याचं खुरपं म्हणा ना.

त्या सुरीचा इतिहासही काही सोवळा नाही. फिनलंडच्या ज्या भागात कौहावा हे सुऱ्या बनवणारं प्रसिद्ध गाव आहे, तोच भाग एकोणिसाव्या शतकात सुरेबाज गुंडांसाठी बदनाम होता. त्यांना तिकडे नावच होतं, ‘पूक्कोयुंकारी’. लग्नाच्या मांडवात मुडदे पडायचे. तरी आज तिथे कुणाला मानाची भेट द्यायची तर पूक्को देतात. बदनामी माणसांची झाली, सुरी आपली कामावर राहिली. हे वाचून मला बराच धीर आला.

आधी मूठ. जुन्या पद्धतीत दोन पट्ट्यांच्या फटीत रक्त आणि चरबी शिरते, कितीही धुतली तरी दोन दिवसांनी वास येतो. आपल्याकडे वाहतं रक्त नापाक, आणि तीच सुरी पुन्हा मटणाला लागणार, म्हणून अम्मी दरवर्षी मुठीवर उकळतं पाणी ओतायची. त्याने लाकूड अजून सैल. पूक्कोची मूठ अखंड लाकडाची असते. पात्याचं निमुळतं टोक आत जातं, बाहेर फट राहत नाही. खुरप्याची मूठ आपल्याकडे अशीच असते, तेव्हा यात परदेशी काही नव्हतंच. एका लोहाराने पात्यावर ओला चिखल थापून फक्त मागचा भाग तापवला आणि ठोकून निमुळता केला. चिखल नसता तर धारेचं पाणी उतरलं असतं.

लाकूड दिलं ओळखीच्या सुतारकाकांनी. बैलगाडीच्या मोडक्या चाकाचा आरा, बाभळीचा. ते म्हणाले, ‘‘हे लाकूड किती पावसाळे खाऊन बसलंय, आता ते फुगणार नाही की फाटणार नाही.’’ आत भोक पाडताना आधी गिरमिट, मग त्याच मापाची लाल केलेली सळई घालून जाळत जाळत जागा करायची. पातंच तापवून घुसवायचं नाही, मऊ पडतं. पूर्वी राळ, लाख आणि विटेची भुकटी वितळवून त्या भोकात ओतत. मी अराल्डाइट वापरलं. राळ गरम पाण्याला सुटते आणि आमच्या घरचं गरम पाणी मी पाहिलेलं आहे. परंपरेच्या नावाने सुरी मुठीतून निखळली तर हसं होईल ते वेगळं, बोट जाईल ते वेगळं.

तासायला मात्र तीन रविवार गेले. मूठ गोल केली तर हातात फिरते. अंड्यासारखी लांबट ठेवली तर अंधारातही कळतं धार कुठल्या बाजूला आहे. उत्तरेकडच्या मुठीला बोट अडवायला काही नसतं, आणि रक्ताने ओल्या हाताला ते धोक्याचं. म्हणून पुढच्या टोकाला थोडं पोट ठेवलं. शेवटी जवसाचं तेल. एक हात द्यायचा, मुरू द्यायचं, पुसायचं, चार दिवसांनी दुसरा हात. तिकडचे कारागीरही जवसाचंच तेल चोळतात. आमच्याकडे रब्बीत जवस पेरत, अम्मीने त्याची चटणीच केली आहे आजवर. बाटली मागितली तर म्हणाली, ‘‘लकडी कू खिलाता?’’

चामड्याला जास्त हिंडावं लागलं. बाजारात मिळतं ते बहुतेक क्रोमवर कमावलेलं, ते पाण्यात घालून आकार दिला तर आकार धरत नाही. बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावलेलं हवं, कोल्हापुरी चपलेला लागतं तसलं. ढोर समाजाची ही जुनी विद्या. साल, हिरडा, चुना, पाणी आणि दिवसच्या दिवस वाट बघणं. चपला शिवणाऱ्या एका मामांकडे तसा तुकडा होता. मुठीला बाभूळ, म्यानाच्या चामड्यालाही बाभूळच, हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

आत पांगाऱ्याच्या दोन पातळ फळ्या, पात्याच्या आकाराच्या, म्हणजे टोक चामडं भोसकत नाही. चामडं कोमट पाण्यात भिजवायचं, सुरीला तेल लावून प्लास्टिक गुंडाळायचं, ती आत घालून मागून शिवायचं. मामांनी आरीने भोकं पाडून दिली आणि मेण लावलेल्या दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया लावायला शिकवलं, एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर. एका बाजूचा टाका तुटला तरी दुसरा धरतो. सावलीत वाळताना चामडं आवळत गेलं. दुसऱ्या दिवशी सुरी ओढली तर निघेना, मग ‘खट्’ करून निघाली. एक जागा काळी पडली होती, प्लास्टिक फाटून तिथे ओल्या चामड्याला लोखंड लागलं होतं. बाभळीच्या कसाला लोखंड लागलं की काळं होतं. मामांना तो डाग आवडला. मलाही आता आवडतो.

त्या ईदला नाक्यावर कुणी थांबवलंच नाही, त्यामुळे माझ्या सगळ्या विचारांचा पोलिसी निकाल लागायचा राहिला. कुरेशीभाई हसले. ‘‘सकाळपासून अठरा बकरे. प्रत्येक वेळी टोपण काढू की काम करू?’’ त्यांच्या धंद्यापुरतं ते बरोबरच आहे. पण अंगणात फरक पडला. बकरा बांधलेला होता, सुरी ओट्यावर होती, आणि कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. माझ्या भाचीने ती आणून दिली, दस्ता माझ्याकडे करून. कागदातली सुरी तिला कुणी उचलू दिली नसती.

एक त्रास आहे. गेली काही वर्षं बकरी ईद मृगाच्या आगेमागे येते आणि त्या दमट हवेत म्यानात राहिलेल्या पात्याला आठवड्यात गंज चढतो. म्हणून पावसाळाभर सुरी तेल लावून बाहेर आणि म्यान खिळ्याला रिकामं. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, तेव्हा आणखी काही वर्षांनी उन्हाळ्यात हा प्रश्न राहणार नाही.

चामड्याचा तुकडा उरला होता. सुतारकाकांनी तो पाहिला आणि पटाश्यांना असं काहीतरी करून दे म्हणाले. धार ट्रंकेत एकमेकींवर आपटून बोथट होते. एक इंची पटाशीचं झालं आहे, अर्ध्या इंचीचं वाळत आहे. त्याला म्यान म्हणायला मात्र ते तयार नाहीत. ते म्हणतात टोपी.