पहिलं ऑइल

इंजिन बांधून झालं, सेल्फ मारला, गाडी सुरू झाली की लोक पेढे मागतात. माझ्या मते पेढ्यांची वेळ पहिलं ऑइल काढून बघितल्यावर येते.

माझी मारुती ८०० १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पहिल्यांदाच इंजिन बांधणाऱ्यानं यापेक्षा अवघड काही हाती घेऊ नये. निळा धूर मारायला लागली आणि पट्टीवर ऑइल टिकेना, म्हणून उतरवलं. कोल्हापुरात राहण्याचा फायदा असा की बोअर मारणारा, क्रँक ग्राइंड करणारा, व्हॉल्व्हच्या सीट कापणारा, सगळे उद्यमनगरात हाकेच्या अंतरावर. मिस्त्री शेजारी उभे, पाने माझ्या हातात.

होनिंग करून आलेला ब्लॉक मिस्त्रींनी डिझेलनं धुतला. मी तो परत गरम पाणी आणि कपड्याच्या पावडरीनं घासला. डिझेलनं तेलकटपणा जातो, पण होनिंगच्या दगडाची बारीक कच बोअरच्या रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. ऑइल लावलेलं पांढरं फडकं बोअरमधून फिरवायचं. ते राखाडी होईनासं झालं की ब्लॉक धुतला म्हणायचा. "आता पावडर-टिकली बी करा त्याला," मिस्त्री म्हणाले.

पहिले ५०० किलोमीटर साधं मिनरल ऑइल. हायवेला एकाच वेगात पळवायची नाही. पन्हाळ्याच्या चढाला जरा दम लावायचा, उताराला पाय सोडून गिअरवर उतरवायची, म्हणजे रिंगा बसतात. मग गाडी गरम असतानाच ऑइल चेंबरचा नट सोडला.

ऑइल करडं, आणि उन्हात धरलं तर रांगोळीत चमकी मिसळावी तसं चमचमणारं. माझ्या पोटात गोळा. मिस्त्रींनी दोन बोटांत थेंब चोळला आणि माझ्या बोटावर लावला. "टोचतंय? न्हाई न्हवं? मग ऱ्हाऊ द्या." फडक्यात गुंडाळलेलं चुंबक ट्रेमधून फिरवलं, त्याला मऊ काळपट गाळ लागला. रिंगा आणि बोअर एकमेकांना घासून बसताना एवढं लोखंड सुटतंच. धास्ती घ्यायची ती चुंबकाला न लागणाऱ्या चंदेरी पापुद्र्यांची, कारण ते बेअरिंगच्या शेलचे किंवा पिस्टनचे असतात. तसलं काही नव्हतं. दुधाळपणाही नव्हता, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरत नव्हतं.

मिस्त्रींच्या लेखी विषय संपला. मला फिल्टर फाडायचा होता. तो ग्राइंडरनं कापू नये, नाहीतर पत्र्याचाच कीस आत पडतो आणि आपण तो इंजिनचा समजून रात्रभर जागतो. पत्रा कापायच्या कात्रीनं कड उलगडली, कागदाच्या घड्या सोडवल्या, फडक्यात दाबून व्हाइसमध्ये पिळल्या आणि उन्हात पसरल्या. धातू नावालाच. पण एका घडीत शेवईएवढी, रबरासारखी ताणली जाणारी करडी दोरी निघाली. चेंबर बसवताना लावलेली सिलिकॉन पेस्ट!

धातूच्या चमकीपेक्षा मला या दोरीची भीती जास्त वाटली. फिल्टरमध्ये आली ती अडकली, प्रश्न मिटला. पण चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाची जाळी असते, तिथं अशा दोन-चार दोऱ्या चिकटल्या तर पंपाला ऑइल ओढता येत नाही, आणि नवे शेल काही मिनिटांत जातात. मिस्त्री म्हणाले, "प्रेशरचा दिवा लागतोय का? मग कशाला खोलताय?" दिवा लागेपर्यंत थांबणं मला पटेना. शेवटी चेंबर उतरवला. जाळीवर आणखी एक तुकडा आडवा पडला होता. मिस्त्रींनी तो चिमट्यानं काढला, उलटसुलट बघितला आणि खिशात टाकला.

खाली झोपलोच होतो, म्हणून कनेक्टिंग रॉड हातानं हलवून बघितले. कॅप सोडल्या नाहीत. नीट बसलेला शेल निव्वळ उत्सुकतेपोटी उघडणं मला मान्य नाही. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर फीलर गेज घालून टॅपेट तपासले, त्यात एक एक्झॉस्टचा घट्ट निघाला. नवी कापलेली सीट बसते तसा गॅप कमी होतो, सेट केला.

चेंबर परत चढवताना पेस्टची ट्यूब मी मिस्त्रींकडून मागून घेतली. कड कोरडी पुसून ३ मिलिमीटरची एकच रेघ ओढली. नवा फिल्टर, नवं ऑइल. पुढचं ऑइल ५००० किलोमीटरला बदला, असं मिस्त्रींचं म्हणणं. मी १०००ला काढणार आहे, आणि तोही फिल्टर फाडणार आहे.