डाव्या बाजूची गाडी

१९४५ सालच्या ‘डिटूर’ या रहस्यपटातली एक गफलत आपल्या नजरेतून सहज सुटते. एक कफल्लक पियानोवादक लिफ्ट मागत पश्चिमेला निघालाय, आणि मोटारी रस्त्याच्या डाव्या अंगाने पळताहेत. धुळ्याहून पारोळ्याकडे निघालं की काचेतून दिसतं तेच. अमेरिकेत मात्र गाड्या उजवीकडून चालतात. नकाशात पश्चिम डाव्या हाताला, म्हणून पडद्यावरही नायक डावीकडे सरकायला हवा. पुन्हा चित्रण करायचं तर खर्च. मग दिग्दर्शक एडगर अल्मरने निगेटिव्हच उलटवली, असं सांगतात. हॉलिवूडच्या त्या गरिबाने नकळत आपल्याला आपलाच हायवे दाखवला!

हा गरीब मला फार आवडतो. पीआरसी, मोनोग्रॅम असल्या कंपन्यांकडे दमड्या मोजक्या, सेट उसने, सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा. ‘डिटूर’मध्ये न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, तर धुकं सोडलं. दोन दिव्यांचे खांब, एक पाटी आणि बाकी सगळं पांढरं. सहा दिवसांत सिनेमा उरकला ही दंतकथाच. दिवस त्याहून जास्त लागले. पण पाहताना ती खरी वाटते, यात काय ते आलं.

आपला खान्देश म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेवरचा मुलूख. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात. भुसावळला रूळ फुटतात, एक फाटा नागपूरकडे, एक इटारसीकडे. रात्री दोनलाही फलाटावर चहा मिळतो आणि शेजारी बसलेला कुठून आला, कुठे चालला, कुणी विचारत नाही. रहस्यपटाला याहून जास्त काय लागतं? १९५२चा ‘द नॅरो मार्जिन’ तर जवळजवळ सगळा रेल्वेच्या डब्यातच घडतो. शिकागोहून लॉस एंजेलिसला साक्षीदार बाई पोचवायची, आणि मारेकरी त्याच गाडीत. चिंचोळ्या बोळातून एक जाडा माणूस वाट अडवत येतो, तेवढ्यानेही छातीत धस्स होतं. पार्श्वसंगीत नाही, नुसती चाकांची खडखड. डब्याचा सेट जागचा हलत नव्हता. हलवला तो कॅमेरा.

त्यातला पोलीस चार्ल्स मॅकग्रॉ. खडी चावल्यासारखा आवाज, हसू जवळपास नाहीच. समोर मेरी विंडसर, डोळ्यांनीच फटकारणारी. पहिल्या फळीत यांना जागा मिळाली नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं. नामवंत नट मरणार नाही हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. यांची खात्री देता येत नाही. ‘डिटूर’च्या टॉम नीलने तर पुढे, १९६५ साली, खरोखरच बायकोला गोळी घातली आणि तुरुंग भोगला. त्याची नायिका अ‍ॅन सॅव्हेज (नायिका कसली, नुसती वाघीण) २००७ साली, ऐंशी ओलांडल्यावर, ‘माय विनिपेग’मध्ये पुन्हा पडद्यावर आली. आणि तो धुक्यातला सिनेमा १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदणीत जाऊन बसला.

अल्मरचे सख्खे भाऊबंद शोधायला लांब जायला नको. धुळ्याहून हायवेने तासाभरावर मालेगाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमागांच्या त्या गावात ‘मालेगाव के शोले’ काढला. सायकलीवर कॅमेरा बसवून ट्रॉली केली, बैलगाडीची क्रेन केली. पुढे ‘खान्देश का दादा’ म्हणत विनोदी नट छोटूदादा घराघरातल्या मोबाईलवर पोचला. विनोद झाला, विडंबन झालं. गुप्तहेराकडे मात्र या मंडळींनी अजून म्हणावं तसं पाहिलेलं नाही. खरं तर सगळं तयार आहे: ढाब्यावर शेवभाजी, कोपऱ्यातल्या टेबलावर घामाघूम गुप्तहेर, बाहेर केळी भरलेला ट्रक, आणि त्या घडांखाली काय दडवलंय ते फक्त क्लीनरला ठाऊक. धुकं तेवढं मिळायचं नाही. वैशाखातली धूळ चालेल की.