नाहीशा झालेल्या डिस्कचे आकडे

आभासी साठवण-साधन म्हणजे संगणकाला डिस्कसारखे दिसणारे, पण स्वतंत्र यंत्र नसलेले, खऱ्या डिस्कवरील जागेतून कार्यप्रणालीने बेतून दिलेले साधन होय. ते काढून टाकताच त्याच्या नावावर जमलेली वाचन-लेखनाची आकडेवारीही नाहीशी होते आणि या किरकोळ वाटणाऱ्या बाबीतून केवढा गैरसमज उभा राहतो, याचा अनुभव जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळ्या तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या लिनक्स सर्व्हरवर आला.

वजनकाट्यावरील ट्रकांच्या नोंदी आणि हिशेब हे तेथे दोन वेगळ्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे अशाच आभासी साधनांत, ठेवलेले होते. रात्रपाळी न थांबवता बॅकअप घेता यावा म्हणून आधी एका व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीचे गोठवलेले रूप, तयार केला जाई, त्याची प्रत उतरली की तो काढला जाई आणि लागलीच दुसऱ्याचा तयार होई. दर पाच मिनिटांनी नोंद घेणाऱ्या आलेखात त्याच सुमारास सेकंदाला सुमारे 7 जीबी वाचनाचे शिखर उमटत असे. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला साधारण 200 एमबीच्या पलीकडे फारशी जात नाही, त्यामुळे हा आकडा मुळातच अशक्य होता. तरीही संशय भट्टीमुळे हेलकावणाऱ्या विजेवर आणि मग डिस्कवर गेला व ती बदलण्याची बोलणी सुरू झाली. आलेखावर एवढा विश्वास टाकणे धोक्याचे असते, कारण त्यातला वेग कोणी मोजलेला नसतो, तो वजाबाकीने काढलेला असतो.

कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, ‘डिस्कस्टॅट्स’ या फाइलमध्ये प्रत्येक साधनासाठी एक ओळ राखतो आणि तीत साधन अस्तित्वात आल्यापासून वाचलेल्या 512 बाइटच्या सेक्टरांची एकूण संख्या असते. स्नॅपशॉट हेही आभासी साधनच असल्याने पहिला स्नॅपशॉट गेला की ‘डीएम-5’सारखा त्याचा क्रमांक मोकळा होतो, दुसरा तोच क्रमांक घेतो आणि त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते. नोंदी साठवणाऱ्या आरआरडीटूलमध्ये ‘काउंटर’ हा प्रकार निवडलेला असेल, तर संख्या घटलेली दिसताच मोजयंत्र 32 बिटांची मर्यादा ओलांडून पुन्हा शून्यावर आले, असे ते गृहीत धरते आणि फरकात 4,29,49,67,296 मिळवते. इतक्या सेक्टरांचे दोन टेबीबाइट होतात, ते 300 सेकंदांत विभागले की सेकंदाला सुमारे 7 जीबी येतात. म्हणजे शिखराची उंची डिस्कच्या कामावरून नव्हे, या एका गृहीतकावरून ठरली होती.

खऱ्या डिस्कच्या ओळीत, म्हणजे ‘एसडीए’च्या आकड्यांत, त्या वेळी बॅकअपपुरते साधे वाचनच दिसत होते आणि तिथेच डिस्क निर्दोष ठरली. पुढे ‘काउंटर’ऐवजी किमान मर्यादा शून्य ठेवलेला ‘डिराइव्ह’ प्रकार वापरला गेला, ज्यात ऋण फरक अज्ञात म्हणून सोडला जातो, आणि क्रमांकाऐवजी स्नॅपशॉटच्या नावाने नोंदी ठेवल्या गेल्या. याशिवाय सर्व ओळींची बेरीजही काढून टाकावी लागली, कारण एकच वाचन स्नॅपशॉटच्या आणि त्याखालील डिस्कच्या अशा दोन्ही ओळींत मोजले जात होते.