नाव तेवढं माझं

टीना टर्नर ही अमेरिकन गायिका २४ मे २०२३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये वारली. तिची गाणी आपल्या घरात वाजत नसतील, पण तिचं आयुष्य आपल्या बायकांना कळावं असं मला वाटतं.

तिचं मूळ नाव ॲना मे बुलक. जन्म १९३९ चा, टेनेसी राज्यातल्या कृष्णवर्णीय कुटुंबातला. लहानपणी नटबुश गावी तिने कापूस वेचला. पुढे आइक टर्नर या वादकाच्या ताफ्यात ती गाऊ लागली. १९६० साली तबकडी निघाली, तेव्हा तिला न विचारताच त्याने तिचं नाव ‘टीना टर्नर’ करून टाकलं. १९६२ मध्ये लग्न झालं. रंगमंचावर टाळ्या, घरी मारहाण. त्यात त्याचा बाहेरख्यालीपणा. पैसाही त्याच्याच हातात.

आमच्या वस्तीत अशा बाईला बायाच विचारतात, “सोडून जाशील कुठे? खाशील काय?” मी हे लहानपणापासून ऐकत आले. त्यात माया असते, पण तीच बाईला पुन्हा त्या उंबऱ्यावर नेऊन सोडते.

जुलै १९७६ मध्ये डॅलस शहरात आइकने तिला पुन्हा मारलं. तो झोपल्यावर ती निघाली. भरधाव मोटारींचा रस्ता तिने पायी ओलांडला. जवळ ३६ सेंट आणि पेट्रोलचं एक कार्ड. दुसऱ्या हॉटेलच्या व्यवस्थापकाने पैसे नसताना तिला खोली दिली.

१९७८ मध्ये घटस्फोट झाला. पैशावरचा हक्क तिने सोडला, मागितलं ते नाव. दिलं त्याने असेल, पण मोठं झालं ते तिच्या घामाने! बुडालेल्या कार्यक्रमांचं देणंही तिच्यावर आलं. मिळेल तिथे गाऊन तिने दिवस काढले. १९८४ मध्ये ‘प्रायव्हेट डान्सर’ आला आणि चाळिशी उलटलेली ही बाई जगभर गाजली.

वाईट दिवसांत तिने जपानच्या निचिरेन परंपरेचा बौद्ध धर्म धरला होता. त्यांची रीत आपल्याहून निराळी. पण बळ तिथूनच मिळालं, असं ती सांगत असे.

पुढे एर्विन बाख हा जर्मन गृहस्थ भेटला. तिच्याहून १६ वर्षांनी लहान. लग्नाची घाई तिने केली नाही. अनेक वर्षं सोबत राहून २०१३ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, तिने लग्न केलं. तिची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा २०१७ मध्ये त्याने आपलं एक तिला दिलं.

भगिनींनो, तुम्ही म्हणाल, तिला गळा होता, आम्हाला काय? पण त्या रात्री तो गळा कामाला आला नाही. पायांनी नेलं आणि एका परक्या माणसाने दार उघडलं. पाय तिचे तिलाच उचलावे लागतात. दार उघडणं मात्र आपल्या हातात आहे.